विश्वाची मोजणी, माणशी 900 रुपये, आणि बांध काही जुळला नाही

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातला अर्धा भरीताचा आहे. बाकी दीड का कापला ते सांगतो, जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

चाळीसगावहून पाटणादेवीकडे जाताना आतल्या बाजूला एका शेतकऱ्याने शेतावर आकाशदर्शनाची रात्र सुरू केलीये, महिन्यातून एकदा, अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी, माणशी 900, त्यात जेवण, झोपायला गादी आणि सकाळी पोहे. आम्ही गेलो 22 नोव्हेंबर 2025 ला, भुसावळहून मी, बायको आणि नववीतला भाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली होती, "ब्रह्मांडाची सर्व रहस्ये उलगडणार, शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा". भाचा कड्यांसाठी आला, बायको हवापालटासाठी आली, आणि मी खरं सांगायचं तर कार्यक्रमाचं नाव "विश्वाचा नकाशा" होतं म्हणून आलो, कारण माझा धंदाच मोजणीचा आहे. खाजगी मोजणी, प्लॉट, लेआउट, शेताच्या हद्दी. बावीस वर्षं झाली, साखळीपासून सुरुवात केली, आता टोटल स्टेशन आणि रोव्हर. त्यामुळे कोणी नकाशा म्हटलं की माझं पहिलं बघणं असतं की मोजलं कशाने आणि क्लोजिंग एरर, म्हणजे शेवटी न जुळणारा फरक, किती.

आधी तक्रारी उरकतो.

बुकिंगला पैसे लगेच घेतात, पण पत्ता विचारला तर दोन दिवस उत्तर नाही. बत्तीस माणसांना एक संडास. गाद्या ठीक, पण पांघरूण पातळ, आणि त्या आठवड्यात आपल्याकडे थंडी कशी पडली होती ते सगळ्यांना माहितीये, पहाटे तीनला बायकोने माझी शाल ओढून घेतली ती सकाळीच परत दिली. आणि रात्री साडेदहाला, सगळ्यांचे डोळे अंधाराला छान सरावलेले असताना, एक साहेब गाडीतून चार्जर काढायला गेले आणि हेडलाइट लागले. तीस जण एकदम ओरडले. यात मालकाचा दोष नाही, पण गाड्या कनातीच्या पलीकडे लावायला सांगता आल्या असत्या की.

सगळ्यात मोठी तक्रार शनीची. दुर्बीण चांगली आहे, दहा इंची डॉब, लाकडी पाटावर फिरणारी, भाचा पहिल्या नंबरला उभा राहिला, डोळा लावला, आणि म्हणाला "मामा, कडी कुठंय?" मी बघितलं. पिवळसर गोळा आणि त्याच्यातून आरपार गेलेली एक रेघ, सुईत दोरा ओवल्यासारखी. बस. आता यात शनीची चूक नाही, दर पंधराएक वर्षांनी त्याची कडी आपल्याला धारेवरून दिसते, मार्च 2025 मध्ये ती एकदम सपाट झाली होती आणि नोव्हेंबरात परत तशीच बारीक झाली. खरं तर हे बघायला मिळणं दुर्मिळच. पण मग जाहिरातीत टाकायचं ना, "यंदा कडी रेघेसारखी दिसेल, पुन्हा अशी तेरा-चौदा वर्षांनी". जुना फोटो डकवून मोकळे झाले. एक स्टार गेला तो इथे. उरलेला अर्धा संडासाचा.

आता चांगलं.

जेवणाआधी दोन-अडीच तास एक सर बोलतात. कॉलेजला फिजिक्स शिकवतात, तिशीतला पोरगा, स्वेटरवर उपरणं गुंडाळून. प्रोजेक्टर नाही, स्क्रीन नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बारा बाय आठचा फ्लेक्स बांधलेला, त्यावर विश्वाचा नकाशा. गंमत म्हणजे फ्लेक्सवाल्याने सवयीने चारी बाजूंना झेंडूची बॉर्डर टाकलीये, खाली उजवीकडे "शुभेच्छुक" लिहून पुढे जागा रिकामी सोडलीये. सर म्हणाले, राहू द्या, विश्वाचा शुभेच्छुक अजून सापडलेला नाही. मी तिथेच पैसे वसूल झाले म्हटलं.

सुरुवात त्यांनी पाटणापासूनच केली, आणि बरोबर केली. पाटणादेवीजवळच्या या गावातला शिलालेख आहे ना, भाऊ दाजी लाडांनी शोधलेला, त्यात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, साल साधारण 1207. म्हणजे आपण बसलो होतो तिथून काही किलोमीटरवर आठशे वर्षांपूर्वी पोरं ग्रहगणित घोकत होती. आणि भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथात मोजमापांचं कोष्टक आहे ते सरांनी तोंडपाठ म्हटलं, आठ यवांचा एक अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश, चार क्रोशांचं योजन. मला एकदम आमची शंकूसाखळी आठवली, 33 फूट, सोळा आणे, आणि एक साखळी बाय एक साखळी म्हणजे गुंठा. सगळ्या मोजणीची हीच तऱ्हा, हाताशी जे आहे त्याने सुरुवात करायची आणि एकावर एक चढवत जायचं.

विश्वाचंही तसंच निघालं. पहिली पायरी म्हणजे आमचंच काम, बांधाच्या एका टोकावरून लांबचा लिंब बघायचा, मग दुसऱ्या टोकावरून, आणि कोनातल्या फरकावरून अंतर काढायचं. फक्त इथे बांध म्हणजे पृथ्वीची कक्षा, सहा महिन्यांनी दुसऱ्या टोकाला, 30 कोटी किलोमीटर. गाया नावाच्या युरोपियन यानाने 2013 ते जानेवारी 2025 असं काम करून जवळपास 200 कोटी तारे मोजले. दोनशे कोटी! मी एका सीझनला चारशे गट नंबर केले तर छाती काढून फिरतो.

पण हे आपल्या आकाशगंगेतच पुरतं. पुढे कोन इतका बारीक होतो की मोजता येत नाही. मग दुसरी पायरी, सेफीड तारे, कमी-जास्त होणारे. सरांनी सगळ्यांना उत्तरेला तोंड करून उभं केलं आणि हिरव्या लेझरने वृषपर्वा दाखवला, वर त्याची मुलगी शर्मिष्ठा, त्याच्याही वर देवयानी, पलीकडे ययाती. सगळी भाऊबंदकी आकाशात टांगलेली. वृषपर्वातला एक तारा साडेपाच दिवसांच्या आत मंद होऊन परत तेजस्वी होतो, त्याच्यावरूनच या जातीला इंग्रजी नाव पडलं. हेन्रिएटा लेव्हिट नावाच्या बाईंनी 1912 मध्ये दाखवून दिलं की जो तारा जितका सावकाश धडधडतो तितका तो मुळात जास्त तेजस्वी. म्हणजे धडधड मोजली की खरा उजेड कळला, दिसणारा उजेड आपल्यापुढे आहेच, दोन्हीवरून अंतर. एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने 1923 ला असाच एक तारा देवयानी दीर्घिकेत (दीर्घिका म्हणजे गॅलक्सी) पकडला आणि ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची आहे हे ठरलं. त्याचं अंतर मात्र चुकलं होतं, नऊ लाख प्रकाशवर्षं म्हणाला, खरं निघालं पंचवीस लाख, कारण सेफीडच्या दोन जाती आहेत हे तेव्हा माहीत नव्हतं, ते वॉल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञाने 1952 ला सांगितलं. ऐका, म्हणजे पट्टीच चुकीची होती आणि तीस वर्षं कोणाला पत्ता नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, पुढे लागेल.

तिसरी पायरी फुटणारे तारे, एका ठरावीक जातीचे सुपरनोव्हा, फार लांबून दिसतात. तर अशी इथून तिथपर्यंत पायऱ्या चढत गेलं की एक आकडा निघतो, विश्व किती वेगाने पसरतंय त्याचा. साधारण 33 लाख प्रकाशवर्षं लांब गेलं की वेग सेकंदाला 73 किलोमीटरने वाढतो.

आता दुसऱ्या टोकाकडून. विश्वाच्या सुरुवातीनंतर 3 लाख 80 हजार वर्षांनी जो उजेड सुटला तो अजूनही सगळीकडून येतोय, थंडगार होऊन, निरपेक्ष शून्याच्या वर पावणेतीन अंश, 1965 ला पेन्झियस आणि विल्सनला अँटेनात खरखर म्हणून सापडला. प्लँक यानाने त्याचा बारीक नकाशा काढला. हा आमच्या भाषेत मूळ टिपणातला हद्दीचा दगड. त्या दगडावरून गणित मांडत आजपर्यंत आलं की तोच आकडा किती यायला पाहिजे? तर 67.4.

73 आणि 67.

मला हसूच आलं. बाजूच्यांना कळेना काय झालं. अहो हे तर रोजचंय! एक मोजणीवाला विहिरीकडून येतो, दुसरा नाल्याकडून, दोघंही प्रामाणिक, दोघांच्याही वह्या स्वच्छ, आणि मधे बांधावर आल्यावर जुळत नाही. शंभर मीटरला आठ मीटर फरक म्हटला तर आपल्याकडे कुऱ्हाडी निघतात. बरं, दोघांचा एरर मोठा असता तर म्हटलं असतं चालायचंच, पण पहिल्याचा एरर एक, दुसऱ्याचा अर्धा, आणि फरक साडेपाचचा. आम्ही अशा वेळी तीन गोष्टी बघतो, एक साखळी ताणलीये का, दोन दगड हलवलाय का, तीन मधल्या जमिनीचा मूळ नकाशाच चुकलाय का. सरांना मी हेच विचारलं, तर ते खुश होऊन म्हणाले, दादा, जगातले सगळे याच तीन प्रश्नांवर बसलेत. साखळी म्हणजे सेफीड, जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने परत तपासले, अ‍ॅडम रीस या खगोलशास्त्रज्ञाच्या टीमला 73 च मिळतात. मग मी विचारलं की वेंडी फ्रीडमनबाई वेबचाच डेटा आणि दुसऱ्या जातीचेही तारे वापरून 70 च्या आसपास येतात असं वाचलंय, ते तुम्ही बोलला नाहीत. तर म्हणाले, हो, ते मी वेळ कमी म्हणून गाळतो. हे बरोबर नाही केलं सर. तो 70 गाळला तर ऐकणाऱ्याला वाटतं भांडण पक्कं आहे, आणि अजून ते पक्कं नाहीये, बाडेसारखं पट्टीतच काही निघू शकतं. पुढच्या वेळी जाणाऱ्यांनी हा प्रश्न नक्की विचारा.

मग फ्लेक्स. पंख्यासारखा आकार, मधे आपण, दोन्हीकडे पसरत गेलेले ठिपके, एकेक ठिपका म्हणजे अख्खी दीर्घिका. हे डेसी नावाच्या सर्व्हेचं काम, अ‍ॅरिझोनात किट पीकवर चार मीटरच्या दुर्बिणीला 5,000 बारीक काचतंतू लावलेत आणि प्रत्येकाला आपापला छोटा रोबो, तो ठरलेल्या दीर्घिकेवर जाऊन थांबतो. आधीच्या स्लोनच्या सर्व्हेत अ‍ॅल्युमिनियमच्या ताटल्यांना भोकं पाडून माणसं हाताने एकेक तंतू खोचायची म्हणे. मला ते हाताने खोचणं जास्त आवडलं, साखळीवाला माणूस ना मी. पहिल्या तीन वर्षांत डेसीने जवळजवळ दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसार (दीर्घिकांचे फार तेजस्वी गाभे) मोजले.

जवळ जाऊन मोबाइलच्या उजेडात (लाल कागद लावून, नियम आहे) तो फ्लेक्स बघितला. ठिपके सारखे नाहीत. दोरे आहेत, गाठी आहेत, मधे मोठमोठी पोकळी आहे, उसाच्या फडात रानडुकराने वाटा पाडल्यासारखं. आणि पंख्याच्या दोन पात्यांच्या मधे पूर्ण काळी पाचर, एकही ठिपका नाही. भाच्याने विचारलं तिथे काही नाहीये का. सर म्हणाले तिथेही असंच भरलेलं असणार, पण आपल्याच आकाशगंगेची धूळ आडवी येते, आपल्याच घराची भिंत. भाचा बराच वेळ त्या काळ्या पाचरीवरच बोट ठेवून उभा होता.

यातच आपल्या पुण्याचंही आहे. आयुका आणि आयसर या तिथल्या संशोधन संस्थांच्या लोकांनी 2017 ला मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक महाप्रचंड समूह जाहीर केला, नाव ठेवलं सरस्वती. 400 कोटी प्रकाशवर्षं लांब आणि पसारा 60 कोटी प्रकाशवर्षांचा. शनी त्याच भागात होता तर सरांनी लेझर शनीपासून थोडा उत्तरेला नेऊन सांगितलं, इथे, या अंधारात. दिसत काहीच नाही. तरी सगळे बघत होते.

या दोऱ्या-गाठींमध्ये एक ठरावीक अंतर परत परत येतं, आजच्या हिशोबाने जवळपास 50 कोटी प्रकाशवर्षं, सुरुवातीच्या गरम रश्श्यात उठलेल्या लाटा थिजल्या त्याची खूण. हीच पट्टी. ती वेगवेगळ्या काळात किती लांब दिसते त्यावरून पसरण्याचा इतिहास मिळतो. आणि मार्च 2025 मध्ये डेसीवाल्यांनी सांगितलं की विश्वाला ढकलणारी ती डार्क एनर्जी कायम एकसारखी नसावी, हल्ली कमजोर होत असावी. इथे सर वाहवत गेले, "डार्क एनर्जी संपत चाललीये" म्हणाले. तसं नाहीये. कुठले सुपरनोव्हा सोबत धरता त्यावर तो निकाल 2.8 ते 4.2 सिग्मा (निकाल नुसता योगायोग नसल्याच्या खात्रीचं माप) येतो आणि शोध लागला म्हणायला 5 लागतो. मी हे बोललो नाही, जेवायची वेळ झाली होती. पण इथे लिहितो, कारण इतका प्रामाणिक माणूस एवढ्या एका वाक्यात का घसरला कळलं नाही.

सातबाऱ्याचा विनोद मात्र माझ्याकडून त्यांना फुकट. विश्वाचा उतारा काढला तर शंभरात पाच आपला नेहमीचा पदार्थ, तारे, माती, केळी, आपण सगळे. सत्तावीस डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारा पण ओढ लावणारा पदार्थ, अडुसष्ट डार्क एनर्जी. म्हणजे शंभर गुंठ्यांत पाच गुंठ्यांचा खातेदार माहीत, बाकी पंच्याण्णव "इतर अधिकार". आणि वहिवाट मात्र त्या पंच्याण्णववाल्यांचीच! खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिनने 1970 च्या सुमाराला देवयानीचे बाहेरचे तारे किती जोरात फिरतात हे मोजलं, तेव्हापासून हा अनोळखी खातेदार ठळक दिसतोय, नाव-गाव अजून नाही.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी चुलीकडून आल्या, कमरेवर हात ठेवून फ्लेक्सकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, बठ्ठं आकाश मोजी टाकं का मग?" सर म्हणाले, "नही वं माय, आते कुठे सुरू करं." मावशी म्हणाल्या, "मंग जेवी ल्या आधी, भाकर थंडी व्हई जाई."

जेवण एक नंबर. वांगी काट्याकुट्यावर भाजलेली, कपाशीच्या काड्यांचा तो वास भरीतात उतरलेला, लाकडी बडगीत ठेचलेलं, हिरवी मिरची, कांद्याची पात, वरून शेंगदाणे. कळण्याची भाकरी, ठेचा, आणि ज्यांना झेपेल त्यांना शेवभाजी. बायको माहेरची यावलची, भरीताला सहसा चांगलं म्हणत नाही, इथे दोनदा घेतलं.

जेवणानंतर देवयानी बघितली. आधी नुसत्या डोळ्यांनी, सरांनी शर्मिष्ठेच्या टोकावरून कसं उतरायचं ते शिकवलं, नजर थोडी बाजूला ठेवली की पुसट डाग उमटतो. दुर्बिणीतून डाग मोठा होतो, बस, आरशावर श्वास सोडल्यावर उमटतं तसं. फोटोतल्या रंगांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. पण तो उजेड पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालाय, आणि हबलने नऊ लाख म्हणून मोजला तोही हाच, हे डोक्यात ठेवून बघितलं की त्या डागावरून डोळा निघत नाही. पूर्वेला मग मृग वर आला, खाली मिथुनात गुरू, त्याचे चारही चंद्र एका ओळीत. भाच्याची कड्यांची भरपाई तिथे झाली.

शेकोटीवर बारा-साडेबाराला नारळीकर सरांचा विषय निघाला, मे 2025 ला गेले ते. बोलणाऱ्या सरांनी सांगितलं की आयुका उभी करणाऱ्या या माणसाने महास्फोट शेवटपर्यंत मान्य केला नाही, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉयलबरोबर दुसरं मॉडेल मांडलं, बहुतेक पुरावे विरोधात गेले तरी प्रश्न विचारणं सोडलं नाही. कोणीतरी म्हणालं, मग आता हे जुळत नाहीये म्हणजे नारळीकर बरोबर होते का? सर म्हणाले, नाही, तो पुरातन उजेड त्यांच्या मॉडेलमध्ये नीट बसत नाही, 67 की 73 या भांडणाने त्यांचं मॉडेल परत येत नाही. एवढं स्वच्छ उत्तर. टीव्हीवर असतं तर अर्धा तास "महास्फोट खोटा?" चाललं असतं. बाकी हिंगोलीत औंढ्याला लायगो, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, होतंय, त्याने न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरी ऐकून पायऱ्या न चढताच अंतर मोजता येईल, म्हणजे तिसरा मोजणीवाला, हेही तिथेच कळलं. 2017 च्या एका टकरीवरून आकडा 70 आला होता, पण एरर इतका मोठा की दोघांनाही आपलाच वाटेल.

लहान मुलं न्यावीत का? आठ-नऊ वर्षांच्या खालची कंटाळली, दोन तर फ्लेक्सखालीच झोपली. चष्मा असेल तरी चालतं, दुर्बीण आपल्या डोळ्याला जुळवून देतात, घाई करत नाहीत. पावती मागितली की देतात.

रस्त्याचं सांगायचं राहिलं. गुगल मॅपवर लोकेशन टाकलंय, पण शेवटचे दोन किलोमीटर त्याच्यावर विसंबू नका. डांबरी संपल्यावर केळीच्या बागेपाशी तो डावीकडे वळायला सांगतो आणि नाल्यात उतरवतो, माझी गाडी उतरवली, ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली, तीनशे रुपये वेगळे. उजवीकडे वळा, पाण्याच्या टाकीवरून सरळ. पांघरूण घरचं न्या.